टेपपट्टी पोटावरून नको

चि. डॉक्टरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

थीसिसचा सिनॉप्सिस (आराखडा) वाचला. विषय उत्तम आहे. फक्त पहिल्याच पानावर 'मेटाबॉलिक सिंड्रोममुळे धमन्या ताठर होतात' असं ठोकून दिलंयस, ते खोड. (मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे पोटाचा घेर, बीपी, साखर आणि रक्तातली चरबी यांचा एकत्र बिघाड.) तू प्रत्येक पेशंटला एकदाच मोजणार. एकदा मोजून 'मुळे' म्हणता येत नाही, 'सोबत' म्हणता येतं.

ताठरपणा कुठून येतो, ते आधी स्वतःच्या शब्दांत लिहून काढ. महाधमनी म्हणजे नुसती नळी नव्हे. हृदयाच्या ठोक्यासरशी ती फुगते आणि ठोका संपल्यावर आखडत रक्त पुढे ढकलते. हे काम इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाचं. आणि इलॅस्टिन आपल्याला मिळतं ते बहुतेक सगळं जन्माआधी आणि लहानपणी. मोठेपणी नवं जवळपास बनतच नाही. झिजलं की भार कोलॅजन या चिवट प्रथिनावर येतो आणि कोलॅजन ताणाला दाद देत नाही. त्यात रक्तातली जादा साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून त्यांना एकमेकांत अडकवते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की धमनीच्या अस्तरातून तिला सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी सुटतो, स्नायू आवळलेले राहतात. मूत्रपिंड मात्र त्याच इन्सुलिनच्या सांगण्यावरून मीठ धरून ठेवत राहतं. पोटातली चरबी अँजिओटेन्सिनोजेन, म्हणजे दाब वाढवणाऱ्या संप्रेरकाचा कच्चा माल, बनवते, ते वेगळंच. यातला आवळलेपणाचा भाग परत फिरू शकतो. वजन उतरल्यावर, रोज चालल्यावर नाडीच्या लाटेचा वेग (तू मोजणार तो हाच; धमनी जितकी ताठर, तितकी लाट वेगात) कमी होतो तो यामुळे. तुटलेलं इलॅस्टिन मात्र चालून परत येत नाही.

आता तुझी खरी अडचण. सिंड्रोमच्या पाच खुणांपैकी तीन हव्यात आणि त्यातली एक आहे बीपी १३०/८५ किंवा वर. दाब वाढला की तीच धमनी त्या क्षणापुरती ताठ होते आणि लाट जोरात धावते. म्हणजे सिंड्रोमवाल्या गटात वेग जास्त निघणार हे व्याख्येतच लिहून ठेवलंय! त्यासाठी थीसिस कशाला? प्रश्न असा विचार: वय आणि सरासरी दाब हिशेबात धरल्यावर काही फरक उरतो का? थोडासाच उरला तर थोडासाच लिही. परीक्षक रागावत नाहीत, गाईड रागावले तर मला फोन कर.

आणि टेपपट्टी. यावर मी सुरुवातीचे कित्येक आठवडे वाया घालवलेत म्हणून जरा लांबण लावतो. मानेतली नाडी ते जांघेतली नाडी हे अंतर मोजायचं, त्याचा ८० टक्के भाग घ्यायचा, लाटेला लागलेल्या वेळाने भागायचं. समज अंतर ६० सेंमी आणि वेळ ५० मिलिसेकंद. वेग आला सेकंदाला ९.६ मीटर. आता तोच माणूस, पण पट्टी पोटाच्या उंचवट्यावरून गेली आणि ६५ सेंमी भरली. वेग १०.४. दहाच्या वर म्हणजे 'ताठर'. धमनी तीच, ताठर झालं ते पोट. मी असे बरेच जण ताठर करून ठेवले होते. चूक कळल्यावर सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागलं आणि निम्मे आलेच नाहीत. तुझ्या सिंड्रोमवाल्या गटात ढेऱ्याच जास्त असणार, तेव्हा चूक नेमकी तुला हव्या त्या बाजूला झुकेल. मोठा कॅलिपर (सरळ अंतर मोजणारा चिमटा) मिळव, नाहीतर पट्टी हवेत सरळ ताणून धर.

बाकी नेहमीचं: शांत खोली, दहा मिनिटं आडवं झोपवून विश्रांती, आधीचे तीन तास जेवण, चहा, विडी नाही. तंबाखू-मशेरीचं वेगळं विचार, बायका आपणहून सांगत नाहीत. दोनदा मोज, वेगात सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा.

पेशंट निवडताना वजनावर जाऊ नकोस. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणून आपल्याकडे पोटाच्या घेराची रेघ पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०. तुझ्या ओपीडीतला सडपातळ कारकून शर्ट वर करेपर्यंत निरोगी दिसतो.

सुधारलेला खर्डा पाठव. त्याआधी विभागातली कापडी पट्टी स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून बघ. आमची ताणून ताणून दीड सेंटिमीटर लांब झाली होती.

तुझा,
सर