गाडीचं दुखणं : सकाळी तेलाचा दिवा विझत नाही

प्रश्न : माझ्याकडे 1997 ची कार्ब्युरेटरवाली मारुती 800 आहे, वडिलांची. गेले तीन-चार महिने सकाळी पहिला सेल्फ मारला की तेलाचा लाल दिवा लगेच विझत नाही, सहा-सात सेकंद तसाच राहतो आणि तेवढा वेळ वरून टकटक आवाज येतो, मग दिवा जातो, आवाजही जातो आणि दिवसभर परत काही होत नाही. सेन्सर दोनदा बदलला. गॅरेजवाला म्हणतो बेअरिंग गेली, हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उघडून आतले झिजलेले भाग बदलणं, करावं लागेल. गाडी विकायची नाहीये पण एवढा खर्च करायचा का? (वाचक, सातारा)

उत्तर : थांबा, इंजिन उघडू देऊ नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं माहितीये का, "दिवसभर परत काही होत नाही" हे. थंड असताना तेल जाड असतं आणि जाड तेलाचं प्रेशर जास्तच येतं, म्हणजे बेअरिंग झिजलेल्या गाडीचं प्रेशर सकाळी त्यातल्या त्यात चांगलं असतं आणि रडगाणं सुरू होतं ते इंजिन तापल्यावर, सिग्नलला आयडलवर उभं असताना. तुमचं बरोबर उलट आहे. सकाळी प्रेशर *कमी* नाहीये, ते *उशिरा* येतंय, आणि ही दोन वेगळी दुखणी आहेत. निम्म्या गॅरेजांत यांना एकच समजतात आणि चेंबर (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) खोलतात. मी पण खोललंय, उगाच कशाला लपवू, सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाचं अख्खं हाफ इंजिन केलं, नवीन बेअरिंग टाकली, आणि आठव्या दिवशी सकाळी दिवा तसाच. दोष निघाला फिल्टरमध्ये. ते पैसे मी परत दिले, पण त्या माणसाचं तोंड अजून आठवतं.

आता उशीर का होतो ते बघू. तुमच्या गाडीचा ऑइल पंप इंजिनच्या पुढच्या बाजूला क्रँकवरच (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) बसतो, म्हणजे चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर. त्याला तेल जाळीतून, पाइपातून वर ओढून घ्यावं लागतं. रात्रभर गाडी उभी राहिली आणि पाइपातलं, पंपातलं, फिल्टरमधलं तेल खाली चेंबरमध्ये उतरून गेलं तर सकाळी पंपाला आधी हवा ओढावी लागते, मग फिल्टर भरावा लागतो, मग कुठे तेल बेअरिंगला आणि सगळ्यात शेवटी वर हेडमध्ये पोचतं. वरची टकटक म्हणजे कोरडे रॉकर, व्हॉल्व्ह उघडणारे दांडे. तेल खाली उतरू नये म्हणून फिल्टरच्या आत एक रबराची चकती असते, एकाच बाजूला उघडणारी झडप. स्वस्तातल्या किंवा डुप्लिकेट फिल्टरमध्ये हे रबर काही महिन्यांत उष्णतेने कडक होतं आणि नीट बसत नाही, काहींत तर ते असतंच नाही. आठवून बघा, हे दुखणं सर्व्हिसिंगनंतर सुरू झालं का.

खर्च करण्याआधी एक तपासणी घरी करा, पैसा लागत नाही, फक्त मोबाइलचं घड्याळ लागतं. सकाळी चालू करून दिवा किती सेकंदांनी गेला ते लिहा. गाडी बंद करा, दहा मिनिटांनी परत चालू करा, लिहा. मग कुठल्या तरी सुट्टीच्या दिवशी एक तास थांबून, तीन तास थांबून, आणि शेवटी रात्रभर. दहा मिनिटांनंतर दिवा एक-दोन सेकंदांत जात असेल आणि गाडी जितका जास्त वेळ उभी राहील तितका उशीर वाढत असेल, तर तेल खाली उतरतंय, जवळजवळ नक्की. दर वेळी तेवढाच उशीर लागत असेल, अगदी पाच मिनिटांनी चालू केली तरी, तर मग तेल उतरण्याचा प्रश्न नाही, पंप झिजलाय किंवा पंपातली प्रेशर सोडणारी स्प्रिंगची झडप कचऱ्याने उघडी अडकलीय, असा संशय धरायचा.

तेल उतरतंय असं निघालं तर पहिलं काम फिल्टर. अस्सल, खात्रीच्या दुकानातला घ्या. बसवण्याआधी फिल्टरवरची बाहेरची बारीक भोकं बघा, त्याच्या आत रबर दिसतं, पेनाच्या टोकाने हलकं दाबून बघा, मऊ पाहिजे आणि सोडलं की परत बसलं पाहिजे. बसवताना जमेल तेवढं तेल फिल्टरमध्ये भरूनच बसवा म्हणजे पहिल्या वेळी कोरडा फिरणार नाही. हाताने घट्ट, पाना लावून आवळायचा नाही. जुना फिल्टर फेकू नका, हॅक्सॉने कापून आतला कागद पसरवून बघा. चकचकीत पिवळट किंवा तांबूस कण दिसले तर मात्र बेअरिंगचा विषय खरा आहे आणि तुमचा गॅरेजवाला बरोबर ठरला, मग माझ्यावर रागावू नका.

नवीन फिल्टरनंतरही उशीर तसाच राहिला तर नजर खाली वळवायची, जाळीच्या पाइपाच्या जोडावर. तिथे रबरी सील असतं. वीस-पंचवीस वर्षांत ते कडक होऊन चिरतं आणि पंप तेलाबरोबर हवा पण ओढतो. याला चेंबर उतरवावं लागतं, पण हाफ इंजिन करावं लागत नाही, फरक मोठा आहे. चेंबर उतरलंच तर जाळी पण साफ करून घ्या, त्यावर काळा गाळ बसलेला असतो. जाळी अर्धी बंद असेल तर आणखी एक खूण मिळते, पुण्याहून येताना खंबाटकी चढताना इंजिन जोरात फिरत असतं तेव्हा दिवा लुकलुकतो, कारण पंप मागतो तेवढं तेल जाळीतून येत नाही. पण ती खूण तेल कमी असल्याची पण असू शकते, म्हणून आधी तेल मोजायची पट्टी काढून बघा बरं. (पट्टी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघायची, चढावर उभ्या गाडीत बघून "तेल भरपूर आहे" म्हणणारे खूप भेटतात.)

पट्टी काढली की वास पण घ्या. तुमच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनवर बसलेला, यांत्रिक आहे. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिनच्या तेलात उतरतं, तेल पातळ होतं आणि पट्टीवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. तेल "वाढलं" आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका, आधी पंप आणि तेल बदला.

सेन्सर दोनदा बदललात त्याबद्दल थोडं. तो सेन्सर म्हणजे साधं स्विच आहे, प्रेशर साधारण 0.3 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास गेलं की दिवा बंद, बस. खरं प्रेशर किती ते तो सांगतच नाही. कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडे नळीचं प्रेशर गेज असतं, स्विच काढून त्या जागी लावायचं, जपानी घराण्यातल्या गाड्यांना बहुतेक 1/8 इंच पीटी (पाइपाचे निमुळते) आटे लागतात, अमेरिकन आट्याचा तुकडा जबरदस्तीने फिरवला तर ब्लॉकचे आटे जातात तेव्हा सांभाळून. तापलेल्या इंजिनवर 3000 आरपीएमला 3 किलोच्या आसपास काटा आला तर तुमची बेअरिंग अजून जिवंत आहेत. काटा थरथरत असेल तर हवा ओढली जातेय, म्हणजे तेच रबरी सील.

दोन गोष्टी कृपा करून करू नका. गाळ काढायला म्हणून डिझेल किंवा रॉकेल टाकून इंजिन फिरवायचा जो उद्योग आपल्याकडे चालतो तो जुन्या गाडीला महागात पडतो, गाळाचे तुकडे सुटून नेमके जाळीवर येऊन बसतात. आणि दिवा लवकर जावा म्हणून सकाळी रेस करू नका, कोरड्या बेअरिंगवर तेवढे सेकंद आयडलच बरं.

प्रश्न : माझ्या जुन्या झेनचा दिवा सकाळी लगेच जातो, पण फोंड्याहून पणजीला पोचल्यावर ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की मंद पेटतो, जरा रेस केली की जातो. मित्र म्हणतो जाड तेल टाक. टाकू का? (वाचक, फोंडा)

उत्तर : हे वर म्हटलं ते दुसरं दुखणं, तापल्यावरचं. आधी आयडल बघा, 600 आरपीएमच्या खाली घसरलं असेल तर चांगल्या इंजिनचा दिवा पण लुकलुकतो, आयडल सेट करून प्रश्न मिटल्याची उदाहरणं मी पाहिलीत. मग गेज लावा. तापल्यावर खरंच प्रेशर कमी निघालं तर पंप किंवा बेअरिंग. जाड तेलाने, म्हणजे 20डब्ल्यू-50 वगैरे टाकून दिवा जाईल, गोव्याच्या हवेत सकाळी त्रासही फारसा होणार नाही, पण झीज भरून येत नाही. काही महिने पैसे जमवायला वेळ मिळतो, एवढाच त्याचा उपयोग समजा.

प्रश्न : पद्मिनी घेतलीय, सेकंडहँड नाही, चौथ्या-पाचव्या हाताची म्हणा. तेलाचा दिवा कधीच पेटत नाही, म्हणजे प्रेशर उत्तम ना? (वाचक, कल्याण)

उत्तर : नाही हो! किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, दिवा पेटलाच पाहिजे. पेटत नसेल तर बल्ब गेलाय, वायर तुटलीय किंवा आधीच्या मालकाने मुद्दाम काढून ठेवलीय, विकताना हे करतात लोक. स्विचवरची वायर काढून इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा, किल्ली चालू ठेवून. दिवा पेटला तर स्विच खराब, नाही पेटला तर बल्ब आणि वायर बघा. दिवा चालू झाल्यावर जे दिसेल ते मला कळवा, पण तोपर्यंत लांबचा प्रवास नको.