टीव्ही कपाटात, पोरगी रील्सवर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. गावाने वर्गणी काढून शाळेला स्मार्ट टीव्ही दिला, पण बिल थकल्याने लाइट तोडली, टीव्ही कपाटात. घरी ती माझ्या मोबाईलवर रील्स बघत बसते. सगळे म्हणतात, पोरीला मोबाईलमधलं सगळं कळतं. खरंच कळतं का हो?
– एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : नाही ताई, बोट सरकवता येतं एवढंच. मोठ्या पोरांचंही तेच आहे, ‘असर’ या देशभरातल्या शिक्षणाच्या पाहणीत २०२४ला ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता, त्यातल्या ७६ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात सोशल मीडियासाठी वापरला आणि अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी.

टीव्हीवरून आधी बोलू. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश लोक पालकच असतात, शिक्षण हक्क कायद्यातच आहे तसं, तेव्हा पुढच्या मीटिंगला बिलाचा विषय तुम्हीच काढा, ग्रामपंचायतीला अर्ज द्या, नुसतं सरांवर ढकलू नका. पण टीव्ही लागला तरी पोरं बघणारच, करणार काय? तुमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीचे डिसले गुरुजी, २०२०चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालेले, त्यांचं नाव झालं ते पुस्तकात क्यूआर कोड टाकण्यामुळे, म्हणजे मूल घरी बसून स्वतः धडा उघडणार. आता बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड असतात. दीक्षा हे सरकारचं अभ्यासाचं ॲप घ्या, कोड तिलाच स्कॅन करू द्या, आणि नेट असताना व्हिडिओ डाउनलोड करायला लावा म्हणजे नंतर रेंज गेली तरी चालतो. फाइल कुठे गेली, स्टोरेज का भरलं, हे शोधताना ती जे शिकेल ते कुठल्याच रीलमध्ये नाही.

दुसरं, मराठी टायपिंग. मामाला मेसेज तिच्याकडून लिहून घ्या. ‘ज्ञानेश्वर’ लिहायला सांगा, ज्ञ शोधताना कशी अडते बघा. कंटाळली तर बोलून टाइप करू दे, फोन काहीबाही लिहितो, त्यातल्या चुका तिने काढायच्या, वाचनही होतं आणि मशीन सांगेल ते सगळं खरं नसतं हेही आपोआप समजतं (हे बऱ्याच मोठ्यांना अजून समजलेलं नाही, फॅमिली ग्रुप बघा). ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हेही आत्ताच शिकवा. रोज अर्धा तास, तुम्ही शेजारी बसून.

प्रश्न : चौथीतल्या मुलाला कोडिंगचा महागडा ऑनलाइन क्लास लावू का?
– एक बाबा, पुणे

उत्तर : नका. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं स्क्रॅच, म्हणजे मुलांना कोडिंग शिकवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, आठ वर्षांपुढच्या मुलांसाठीच बनवलंय, ठोकळे जोडून मांजर पळवायचं. महिनाभर करू द्या, स्वतःहून गेम बनवायला लागला तर क्लासचं बघू.