प्लंबिंगच्या पितळी फिटिंगपासून घरी टॉर्च कशी बनवावी? अर्धा इंची निपलात (दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला पाईपचा तुकडा) १८६५० सेल (रिचार्ज होणारा गोल लिथियम सेल) बसत नाही, मग काय घ्यावं?

अर्धा इंचीत तो बसणारच नाही. फिटिंगचं माप नावापुरतं असतं. अर्धा इंची बीएसपी (नळाच्या आट्यांचं ब्रिटिश प्रमाण माप) आट्यांचा बाहेरचा व्यास २१ मिमीच्या जवळ, त्यातून पितळेची जाडी गेली की आत पंधरा-सोळा मिमी उरतात. १८६५० सेल १८ मिमीचा, आणि प्रोटेक्शन सर्किटवाला घेतलात तर साडेअठराच्या पुढे. म्हणून पाऊण इंची घ्या. त्याचे आटे बाहेरून साधारण साडेसव्वीस मिमीचे. आतलं भोक मात्र मालागणिक बदलतं, त्यामुळे व्हर्नियर घेऊनच दुकानात जा आणि आत किमान साडेएकोणीस मिमी मिळतायत ना ते पाहा. नळाच्या कामाला दुकानदार 'हेवी' माल पुढे करतो. इथे तुम्हाला पातळ भिंतीचाच हवाय. सोबत सेल नेणार असाल तर प्लॅस्टिकच्या डबीत न्या, किल्ल्यांच्या खिशात टाकू नका.

घ्यायचं ते असं: चार इंच लांबीचं पाऊण इंची निपल एक, एक इंची सॉकेट (आतून आटे असलेला जोड) एक, 'एक बाय पाऊण'चे रिड्यूसिंग बुश (बाहेरून एक इंची, आतून पाऊण इंची आटे) दोन, पाऊण इंची सॉकेट एक आणि पाऊण इंची प्लग (बाहेरून आटे असलेलं बूच) एक, आतून पोकळ असलेला. सगळं साधं पिवळं पितळ. चकचकीत सीपी (क्रोम चढवलेली) फिटिंग घेऊ नका, क्रोमवर कथील धरत नाही आणि तो थर कानशीने काढता काढता हात दुखतात. वजनाची तयारी ठेवा: पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, टॉर्च सहज अर्ध्या किलोच्या पुढे जाते.

विजेच्या बाजूने लागेल ते: क्री एक्सएम-एल२ सारखा तीन व्होल्टचा एलईडी, २० मिमीच्या धातूच्या बोर्डावर आधीच बसवलेला, १७ मिमीचा ड्रायव्हर (एलईडीला ठरावीकच करंट देणारा गोल बोर्ड), ज्यावर एएमसी७१३५ च्या चार चिप आहेत, १२ मिमीचं धातूचं पुश बटन, दाबलं की अडकून राहणारं आणि किमान २ अँपिअर डीसीचं, सुमारे २८ मिमी तोंडाचा आणि दहा-बारा मिमी उंचीचा रिफ्लेक्टर, त्याच मापाची २ मिमी ॲक्रिलिकची चकती. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत यातलं बरंचसं मिळतं, उरलेलं ऑनलाइन. चार चिप प्रत्येकी ३५० मिलिअँपिअर देतात, म्हणजे एकूण १.४ अँपिअर. हातात धरायच्या टॉर्चला एवढं भरपूर. ३००० मिलिअँपिअर-तासाच्या सेलवर दोन तासांच्या आसपास चालते.

आता डोकं. एक इंची सॉकेटमध्ये खालून एक बुश, वरून दुसरा. खालच्या बुशच्या आतल्या आट्यांत निपल बसतं आणि बुशचं सॉकेटमधलं सपाट टोक हीच एलईडीची बैठक. ते टोक काचेवर ठेवलेल्या १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करा. पॅनेल बनवणाऱ्याकडून तांब्याच्या ३ मिमी जाड पट्टीचा तुकडा आणा आणि त्यातून साडेएकोणतीस मिमीची चकती कापा. यापेक्षा मोठी झाली तर सॉकेटच्या आट्यांतून आत जाणार नाही. चकतीत वायरींसाठी ३ मिमीची दोन भोकं पाडा, त्यांच्या कडा मोडून घ्या आणि चकती बुशच्या टोकाला कथलाने डाखा. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने हे होत नाही, पितळ सगळी उष्णता पिऊन टाकतं. बुश आधी गॅसवर तापवा आणि कथील आपोआप पळू लागलं की आच बंद करा. या जोडाला प्लंबरचा आम्ल फ्लक्स चालेल, पण नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन घ्या. ड्रायव्हरच्या आसपास मात्र फक्त राळेचा.

ड्रायव्हरला घर हवं. एसीवाल्याकडे पाऊण इंची तांब्याची नळी असते. एसीची नळी बाहेरच्या मापाने विकली जाते, म्हणून ती खरोखर १९.०५ मिमीची असते. भिंत एक मिमीची असेल तर आत १७ मिमी उरतात आणि १७ मिमीचा ड्रायव्हर त्यात टोपणासारखा बसतो. अशा नळीची १० मिमी उंच कडी कापा आणि चकतीच्या पाठीवर मधोमध डाखा. एलईडीच्या दोन्ही वायरी भोकांतून वर काढा, मग ड्रायव्हरची बाहेरची गोल पट्टी कडीला चार ठिकाणी डाखा. ड्रायव्हरचं ऋण टोक असं थेट बॉडीला मिळतं, आणि मधली स्प्रिंग सेलच्या धन टोकाकडे तोंड करून राहते.

वरच्या बाजूला चकतीवर थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर, त्यावर एलईडीचा बोर्ड, त्यावर रिफ्लेक्टर, मग ॲक्रिलिक, पातळ ओ-रिंग, आणि शेवटी वरचा बुश. तो आवळला की सगळी चळत खाली दाबली जाते, स्क्रू लागत नाहीत. इथली नेहमीची चूक म्हणजे रिफ्लेक्टरची खालची कडा एलईडीच्या डाखलेल्या टोकांना टेकते. रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा थर असतो, त्यातून शॉर्ट होतो. टेबलावर छान लागणारा एलईडी बुश आवळताच विझला तर दुसरं काही शोधत बसू नका. मध्ये कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी टेप) किंवा जाड कागदाची भोक पाडलेली चकती ठेवा.

शेपटीकडे निपलावर पाऊण इंची सॉकेट आणि त्यात प्लग. प्लगला मधोमध १२ मिमीचं भोक हवं. पितळेत ड्रिल एकदम चावतं आणि तुकडा हातातून भिरकावला जातो, तेव्हा प्लग शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडूनच भोक पाडा. आधी ४, मग ८, मग १२. ड्रिलची धार तेलदगडावर किंचित बोथट करून घेतली तर चावणं थांबतं. बटणाच्या नटखाली रिंग लग (वायरीला जोडायची गोल धातूची कडी) अडकवला की एक टोक बॉडीला मिळालं, फक्त तिथलं पितळ स्वच्छ हवं. दुसऱ्या टोकाची वायर १७ मिमीच्या फायबर बोर्डाच्या चकतीवर डाखलेल्या स्प्रिंगला. ही चकती प्लगलाच पीव्हीसीच्या तुकड्याने आणि इपॉक्सीने पक्की करा. नाहीतर प्लग फिरवताना वायरी पीळ खाऊन तुटतात.

आणि आटे. नळाची सवय म्हणून हात टेफ्लॉन टेपकडे जातो. इथे ती लावायची नाही. टॉर्चची बॉडी हीच ऋण वायर आहे, १.४ अँपिअर याच आट्यांतून जातात. टेपमुळे कुठे धातू भिडतो, कुठे नाही. प्रकाश लुकलुकतो आणि दोष विनाकारण बटणाला मिळतो. पाणी रोखायचं असेल तर ओ-रिंग वापरा आणि सिलिकॉन ग्रीस फक्त तिलाच लावा. दुसरी अडचण अशी की बाहेरचे आटे बहुतेकदा निमुळते असतात, त्यामुळे प्लग दोन-तीन फेऱ्यांतच जाम होतो आणि स्प्रिंग सेलपर्यंत पोचत नाही. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून वॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट आणा, प्लगच्या आट्यांना लावा आणि अर्धा वेढा पुढे, पाव मागे असा फिरवत राहा. दहा-पंधरा मिनिटांत सूतभर जास्त आत जातो. मग रॉकेलने आणि जुन्या टूथब्रशने पेस्टचा कण न कण काढा. पितळेच्या बहुतेक फिटिंगमध्ये थोडं शिसं असतं. कानस-घासणीचा भुगा फुंकू नका, पुसा, आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

सेल टाकण्याआधी निपलाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. पाईप कापल्यावर तिथे धार राहते आणि ती सेलचं प्लॅस्टिक वेष्टन चिरते. सेलचा सगळा डबा ऋण असतो. तो बॉडीला टेकला की बटण बंद असूनही टॉर्च लागते, आणि त्याच वेळी धन टोकही कुठे टेकलं तर थेट शॉर्ट. निपलात पातळ प्लॅस्टिकच्या शीटची गुंडाळी सरकवा. सेल प्रोटेक्शनवालाच घ्या, लॅपटॉपमधून काढलेला नको, आणि चार्ज ४.२ व्होल्टला थांबणाऱ्या लिथियम चार्जरवरच करा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. सेल बिघडून वायू सोडू लागला तर जाड पितळेची घट्ट बंद नळी म्हणजे बॉम्बच. म्हणून ॲक्रिलिक चिकटवू नका, आट्यांना लॉकटाइट (आटे पक्के चिकटवणारा द्रव) लावू नका आणि जाड टफन्ड काचेच्या मोहात पडू नका. दाब वाढलाच तर आधी जायला एक कमजोर जागा हवी.

जोडणी झाली की मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवा, प्लग काढून सेलचं ऋण टोक आणि बॉडी यांच्यामध्ये प्रोब लावा. १.४ च्या जवळ दिसलं पाहिजे. मग पूर्ण जोडून, टॉर्च चालू असताना, डोक्यावरच्या बुशपासून शेपटीच्या प्लगपर्यंत मिलिव्होल्ट मोजा. पन्नासच्या आत असेल तर आटे चांगले. दोनशे दाखवत असेल तर सेल ३.४ व्होल्टवर येताच प्रकाश उतरायला लागेल, कारण या ड्रायव्हरला एलईडीच्या वर ०.१२ व्होल्ट तरी लागतात. प्रत्येक जोड वेगळा मोजा. बहुतेकदा एखाद्या आट्यावर पॉलिशचा पांढरा थर सापडतो. पितांबरीने घासायचं असेल तर प्रत्येक भाग सुटा करून घासा आणि आटे स्पिरिटने पुसूनच परत जोडा.