दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवलेले शिंपले खाऊनही कावीळ कशी होते?

शिंपले दोन दिवस स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवले होते, ई कोलाय या मैल्यातल्या जंतूची टेस्ट पण पास झाली, मग खाणाऱ्यांना कावीळ झालीच कशी, असं विचारलंय. प्रश्न अगदी रास्त आहे.

शिंपले, कालवं पाणी गाळूनच जगतात, दिवसभर पाणी आत घेत राहतात, त्यामुळे पाण्यात मैलापाणी मिसळलं असेल तर त्यातले जंतू त्यांच्या पोटात साठत जातात. टाकीत ठेवलं की ई कोलाय लवकर निघून जातो पण कावीळ करणारा हिपॅटायटिस ए आणि उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस हे विषाणू आत चिकटून राहतात, कधीकधी कित्येक आठवडे. म्हणजे टेस्टमध्ये मोजलं ते गेलं आणि ज्याची भीती होती ते राहिलं.

१९८८ च्या सुरुवातीला शांघायमध्ये जवळपास ३ लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला तो असाच, शिंपले मैलापाण्याने खराब झालेल्या किनाऱ्यावरचे आणि लोक ते गरम पाण्यात जरा बुडवून अर्धेकच्चेच खायचे. शिंपला उघडला म्हणजे शिजला असं अजिबात नाही हो! आतलं मांस ९० अंश सेल्सिअसला किमान दीड मिनिट राहायला हवं. लिंबू, व्हिनेगर यांच्यावर तर विसंबूच नका.

म्हणून खरा कंट्रोल पाण्यावरच. जिथून माल काढतात त्या भागाची नियमित तपासणी, आणि जोराचा पाऊस झाला किंवा गटार समुद्रात फुटलं की तिथली काढणी ताबडतोब बंद. अमेरिकेत १९२४-२५ ला कालवांमधून टायफॉइड पसरला तेव्हा हीच पद्धत सुरू झाली. धंदेवाल्यांचं नुकसान होतं, मान्य, पण आजारी माणसं सापडेपर्यंत थांबणं मला तरी पटत नाही.

व्हिब्रिओ या जिवाणूची गोष्ट मात्र वेगळी, तो मैलापाण्यातून यावा लागत नाही, समुद्रातच असतो आणि पाणी तापलं की वाढतो. २००४ मध्ये अलास्कासारख्या थंड ठिकाणच्या कालवांतून साथ आली कारण पाणी १५ अंशांच्या वर गेलं होतं. इथे काढल्या काढल्या माल थंड करणं महत्त्वाचं.

आता तुमच्याकडे कावीळीच्या केसेस आल्याच असतील तर आधी त्या मालाचे टॅग, म्हणजे माल कुठून काढला ते लिहिलेल्या चिठ्ठ्या, शोधा. हिपॅटायटिस ए ची लक्षणं दिसायला १५ ते ५० दिवस लागतात, तोवर शिंपले कधीच संपलेले असतात, म्हणून तर अमेरिकेत टॅग ९० दिवस जपून ठेवायचा नियम आहे. टॅगवरून जागा कळली की तिथली काढणी थांबवा, बाजारातला माल परत मागवा, आणि ज्यांनी तो खाल्लाय किंवा जे रुग्णाच्या घरात राहतात त्यांना लस द्या, ती २ आठवड्यांच्या आत दिली तरच आजार रोखायला उपयोगी पडते.