"ह्यांना न कळता द्यायचं काही औषध आहे का?"

व्यसनमुक्तीच्या कामात हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. कधी आई विचारते, कधी बायको, आणि हल्ली कॉलेजात जाणाऱ्या मुलीही विचारतात. विचारणारा जीव सगळे उपाय करून थकलेला असतो, म्हणून मी लगेच 'नाही' म्हणून मोकळी होत नाही. पण उत्तर 'नाही' असंच आहे. ते का, हे एका ताईंच्या अनुभवातून सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई जुन्नर तालुक्याकडच्या, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका बाजाराच्या गावातल्या. पहाटेची एसटी धरून वाकडेवाडीला उतरल्या आणि विचारत विचारत माझ्यापर्यंत आल्या. घरी सांगितलं होतं, मणक्याचं दाखवायला पुण्याला चाललेय. अशा गावात हे करावंच लागतं. मेडिकलवाला भावकीतला, दवाखान्यातली सिस्टर शेजारच्या आळीतली, परमिट रूमचा मालक नवऱ्याच्या वर्गातला. नवरा भर दुपारी कुठल्या पारावर आडवा झालाय, हे बायकोच्या आधी गावाला कळतं. आणि तरी घरात मात्र सगळं झाकायचं असतं.

ताईंच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, स्वतःची पिकअप. टोमॅटोच्या सीझनला नारायणगावच्या मार्केटात क्रेट पोचवायचे आणि भाडं रोखीनं, रोजच्या रोज हातात. सुरुवातीला शनिवारी मित्रांबरोबर बसणं, मग रोज संध्याकाळी क्वार्टर. गेली दोन वर्षं तर सकाळी उठल्याउठल्या थोडी घ्यावी लागायची. "त्याशिवाय स्टिअरिंग धरता येत नाही, हात थरथरतात," ताई म्हणाल्या. हे मी लगेच वहीत लिहून घेतलं. पुढे त्याचाच उपयोग झाला.

मग त्यांनी पिशवीच्या तळातून प्लास्टिकची डबी काढली. आत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या, त्यात पांढरट भुकटी. कंपनीचं नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. बाजारच्या दिवशी एकाकडून घेतलेल्या. "वास नाही, चव नाही, महिन्यात दारू सुटते," असं त्यानं सांगितलेलं. तीन आठवडे त्या रोज रात्री आमटीत एक पुडी मिसळत होत्या.

"मग काय झालं?"

बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. दार बंद होतं, तरी दोनदा दाराकडे पाहिलं. एका रात्री मालक जेवून परत धाब्यावर गेले. दोन घोट घेतले आणि थोड्या वेळात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, अंगाला गार घाम. मित्रांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "ह्यांनी काय खाल्लं होतं? कुठलं औषध चालू आहे?" ताई तिथेच उभ्या होत्या. "तोंडातून शब्द फुटेना मॅडम. वाटलं, मीच मारलं ह्यांना."

मालक वाचले. पण जे घडलं ते समजून घ्यायला हवं. दारू शरीरात गेल्यावर तिचं आधी असिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर होतं आणि यकृत त्याचा पुढे निचरा करतं. डायसल्फिरम नावाचं औषध हा निचराच अडवतं. त्यावर कुणी दारू प्यायलं की ते विष रक्तात साचतं आणि ताईंनी सांगितलं तसंच सगळं होतं. रक्तदाब एकदम उतरू शकतो, ज्याचं हृदय अधू आहे त्याचा जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणून डॉक्टर ते देण्याआधी यकृताची, हृदयाची तपासणी करतात. शेवटचा घोट घेऊन किमान बारा तास गेलेले असावे लागतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे पक्कं माहीत असावं लागतं. माहीत असेल तर तो ग्लास बाजूला सारतो. आमटीतून गेलेलं औषध कुणाच्या हातातला ग्लास खाली ठेवणार? पुडीत औषध डायसल्फिरमच असेल याचीही खात्री नसते.

पण मला ताईंशी बोलायचं होतं ते यापलीकडचं. त्यांचं सगळं घरच लपवण्यावर चाललं होतं. भाडं बुडालं की "ह्यांना ताप आलाय" असा फोन व्यापाऱ्याला ताई करायच्या. परमिट रूमची उधारी ताई दुधाच्या पैशांतून भागवायच्या. मुलांना सांगायचं, बाबा दमलेत. मणक्याचा बहाणाही त्यातलाच, आणि पुडी ही त्यातली शेवटची लपवाछपवी. यात त्यांचा दोष आहे असं मी कधीच म्हणणार नाही. संसार सावरायला जे हाताशी येईल ते बाई करते. पण ह्या सावरण्यामुळेच दारूचा चटका पिणाऱ्यापर्यंत पोचत नव्हता, तो ताईंनाच भाजत होता.

"पण ते तयारच नाहीत, मी एकटी येऊन काय उपयोग?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. उपयोग असतो. घरातलं जे कुणी आधी येतं, त्याच्यापासून उपचार सुरू करता येतात. नातेवाइकांसाठी अल-अनॉन हे गट 1951 पासून चालतात, ते याच अनुभवातून. येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी सुरू केलं, तिथेही घरच्यांना उपचारात सामील करून घेतात.

आम्ही दोन महिने पाचच गोष्टींवर काम केलं. व्यापाऱ्याला खोटा फोन करायचा नाही. उधारी भरायची नाही. रात्री, प्यालेल्या माणसाशी, एक शब्दही वाद घालायचा नाही. हात उचलला तर मुलांना घेऊन सरळ थोरल्या जावेकडे जायचं. हे जावेला आधीच सांगून ठेवलं. त्यासाठी ताईंना पहिल्यांदा कुणापुढे तरी तोंड उघडावं लागलं, आणि जाऊ म्हणाली, "मला केव्हाचं ठाऊक आहे गं, तूच बोलत नव्हतीस."

पाचवी गोष्ट सगळ्यात अवघड. पुड्यांचं मालकांना सांगायचं.

ताई तयार होईनात. मीही घाई केली नाही. वाक्य मात्र आम्ही घोटून घेतलं. सकाळची वेळ, मुलं शाळेत, हातात चहा. "मी तुम्हाला जेवणातून औषध घालत होते. त्या रात्री तुम्हाला झालं ते बहुतेक त्यानंच. चुकलं माझं, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं." एवढंच, पुढे उपदेश नाही.

त्यांनी सांगितलं. मालकांनी कप भिंतीवर फेकला आणि तीन दिवस घरचं जेवले नाहीत. मला अपराधी वाटलं. आपण घाई तर नाही केली, असं सारखं मनात येत राहिलं. चौथ्या दिवशी ताईंच्या फोनवरून त्यांचा आवाज आला, "मॅडम, मला दारूबद्दल काही सांगू नका. त्या पुडीत काय होतं, तेवढं सांगा."

ते आले. शर्टाची वरची गुंडी लावलेली, केसांना पाणी, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. थरथर दिसू नये म्हणून. मी पुडीबद्दल सांगितलं, जे वर लिहिलं तेच. मग विचारलं, मधे कधी एकदम सोडून पाहिली होती का? तर म्हणाले, तीन वर्षांपूर्वी आळंदीला माळ घातली होती. दुसऱ्या दिवशी शेतात झटका आला, तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढताना दिसायला लागल्या. घरच्यांनी देवऋष्याकडे नेलं. "बाहेरचं आहे" म्हणाला. आठवड्याभरात माळ उतरली आणि भावकी हसली.

बाहेरचं काही नव्हतं. रोज पिणाऱ्याच्या शरीराला अचानक दारू मिळेनाशी झाली की काही तासांत थरथर, घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो आणि साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. याला उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. म्हणून सकाळी हात थरथरणाऱ्याला शपथ घालून एका रात्रीत दारू सोडायला लावू नका. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. आणखी एक, गावाकडे अशक्तपणा म्हटला की ग्लुकोजची सलाईन लावतात. जुन्या पिणाऱ्याला त्याआधी ब-1 जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना तो पितो हे स्पष्ट सांगा. इथे लाजू नका.

"फक्त दारू, की आणखी काही?" हेही विचारलं. रात्रीच्या भाड्यानंतर झोपेच्या गोळ्याही घ्यायचे, चिठ्ठीशिवाय मिळवलेल्या. दारू आणि ह्या गोळ्या, दोन्ही श्वास मंद करतात. बायकोलाही हे माहीत नव्हतं. लपवाछपवी दोन्हीकडून चालली होती.

पुण्यातल्या एका रुग्णालयात ते दहा दिवस राहिले, नंतर महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात. तपासण्या करून डॉक्टरांनी पुढे डायसल्फिरमच सुरू केलं. आता ते रोज सकाळी ताईंच्या समोर, स्वतःच्या हातानं, पाण्यात विरघळवून घेतात. मी त्यांना पहिल्यांदा ते घेताना पाहिलं तेव्हा ताई ग्लासाकडे बघतच नव्हत्या, त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

गावच्या यात्रेत ते एकदा घसरले. चार दिवस आधी गोळी बंद केली आणि यात्रेच्या रात्री प्यायले, तेही दोन घोटांत आडवे झाले. ह्यावेळी दवाखान्यात ताईंनी डॉक्टरांना गोळीचं नाव, डोस, शेवटची कधी घेतली, सगळं घडाघडा सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघंही माझ्याकडे आले, मणक्याचा बहाणा न करता. आता ते अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभेला जातात, मुद्दाम शेजारच्या तालुक्यात. स्वतःच्या गावात बोलायची हिंमत अजून झालेली नाही आणि त्याची घाईही नाही.

तुमच्याही घरात अशी पुडी असेल तर ती आज बाजूला ठेवा आणि दिली असेल तर डॉक्टरांना सांगा. बोलायला कुणी नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस 14416. फोन तुम्हीच करा, पिणारा तयार होईपर्यंत थांबू नका.

गेल्या महिन्यात ताई आल्या होत्या. म्हणाल्या, ते रात्री घरी आले की अजूनही मी वास घेते. त्यांनाही ते ठाऊक आहे. चप्पल काढली की आधी स्वयंपाकघरात येतात, "आलो गं" म्हणतात आणि ताईंच्या जवळ क्षणभर उभे राहतात. वास घेणं सोडा, असं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.