सव्वा महिना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांची समुपदेशक म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. "मावशी, औषध फुकट मिळतं, मग बायका मध्येच का सोडतात?" असं तू फोनवर विचारलंस. इंदूरमध्ये हेच काम करताना मला जे उमगलं, ते लिहिते.

2014च्या आधी प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाची एक गोळी आणि बाळाला तेच पातळ औषध, एवढंच आपल्या हातात होतं. आता गरोदरपणात एचआयव्ही कळला की लगेच औषधं सुरू होतात, तीही जन्मभरासाठी. उपचार नसले तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना आईकडून लागण होते. औषधं नीट चालू राहिली तर पाचांपेक्षाही कमी. गोळीत काही कमी नाही गं. अडतं ते घरात.

रामबागेतली एक पहिलटकरीण होती, माहेर जळगावचं. सातव्यात ओटी भरून आई घेऊन गेली. एकत्र कुटुंबात राहिलेली ही मुलगी. गोळ्या वाजू नयेत म्हणून डबीत कापूस भरायची. माहेरी मुक्काम लांबला, डबी संपली आणि आईला सांगायची सोय नव्हती. अकरा दिवस ती गोळीशिवाय राहिली. चूक माझी होती. माहेर कुठलं, हे मी तिला विचारलंच नव्हतं. तू पहिल्याच भेटीत विचार, आणि ती निघायच्या आत तिथल्या एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या नावाने पत्र तिच्या हाती दे.

दुसरी अडचण सव्वा महिन्याची. बाळंतिणीला उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि बाळाची पहिली एचआयव्ही तपासणी नेमकी सहा आठवड्यांनी येते. टाचेला टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घेतात, तीच. "एवढ्यात बाहेर कशाला?" याचं उत्तर तिला ऐन वेळी सुचत नाही. पण सहा आठवड्यांची लसही तेव्हाच असते, आणि लसीला कोणी अडवत नाही. दोन्ही एकाच दिवशी जमव. तिची गोळ्यांची डबीही त्याच फेरीत भरून दे.

मध आणि बाळगुटीचं बोलणं बारशाच्या आधीच व्हायला हवं. आई अंगावर पाजणार असेल, तर सहा महिने फक्त तिचंच दूध. वरचं काही मिसळलं की धोका वाढतो. आजीबाईंवर चिडू नकोस. "डॉक्टरांनी बाळाच्या पोटासाठी सांगितलंय" एवढं त्यांना पुरतं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सगळ्याच गरोदर बायका घेतात, पण रिकाम्या पोटी डोल्युटेग्राविरसोबत, म्हणजे एचआयव्हीच्या गोळीतल्या औषधासोबत, घेतल्या तर त्याचा असर कमी होतो. एकत्र घ्यायच्याच असतील, तर जेवणासोबत.

आणि आपल्याच माणसांचं वागणं. एका रुग्णालयात बाळंतिणीच्या खाटेवरच्या पाटीला लाल पेनाने खूण केलेली मी पाहिली. वॉर्डातल्या सगळ्यांना तिचा अर्थ ठाऊक होता. ती बाई पुन्हा तिथे फिरकली नाही. ती पाटी मी तेव्हाच उतरवायला हवी होती. 2017चा कायदा तुझ्या बाजूने आहे: तिच्या संमतीशिवाय तिचा आजार उघड करता येत नाही. सांगितल्याने तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर नवऱ्यालाही सांगायचं नाही. हे पाठ करून ठेव, तुला भांडावं लागेल.

सगळ्यात जास्त बायका हातून निसटतात त्या बाळंतपणानंतर. पोटात बाळ असताना एक गोळी चुकवत नाहीत. बाळ निगेटिव्ह आलं की म्हणतात, "झालं ना ताई, आता माझं काय!" तेव्हा उपदेश करू नकोस. बाळ दूध पितंय तोवर धोका आहे आणि शेवटची तपासणी अठरा महिन्यांची आहे, हे सांग. मग तिला विचार, "तू जेवलीस का? झोप होते का?" तिच्या तब्येतीची चौकशी त्या घरात बहुतेक कोणीच केलेली नसते.

तिला फोन कधी करायचा, आणि तो दुसऱ्या कोणी उचलला तर तू कोण म्हणून सांगायचं, हे तिच्याकडूनच ठरवून घे. पुढच्या रविवारी घरी ये, उरलेलं बोलू.

तुझी,
मावशी