सोलापूरच्या इतिहासावरच्या जुन्या पुस्तकाचा एआयने केलेला सारांश मूळ मजकुराशी कसा ताडून पाहावा?

आधी पानं ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठीचा डेटा निवडून मजकूर काढा. १ आणि ९ यांची अदलाबदल इथेच होते, म्हणून सगळी सालं पानाशी ताडून घ्या. ही पायरी गाळली तर पुढची मेहनत वाया जाते.

मग सारांशाची अशी वाक्यं करा की एका वाक्यात एकच दावा राहील. वाक्यांच्या अर्थातली जवळीक मोजणाऱ्या लाबसे (LaBSE) मॉडेलने प्रत्येक दाव्याच्या जवळचे मूळ पुस्तकातले तीन-चार परिच्छेद शोधा. पण जवळचं म्हणजे खरं नव्हे. ‘चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापुरात फाशी दिली’ हे चुकीचं वाक्य मूळच्या ‘येरवड्यात’ असलेल्या वाक्याशी जवळजवळ पूर्ण जुळतं! त्यासाठी दावा आणि परिच्छेद एनएलआय (दोन मजकुरांतलं तार्किक नातं ओळखणाऱ्या) मॉडेलला द्या. आधार, विरोध की उल्लेखच नाही, हे ते ठरवतं. या मॉडेलांसाठी नेहमी वापरतात त्या एक्सएनएलआय नावाच्या बहुभाषिक डेटात हिंदी आहे, मराठी नाही. त्यामुळे ‘उल्लेख नाही’ असा निकाल आला की तो परिच्छेद स्वतः वाचाच.

अनेक मॉडेलं ५१२ टोकनांपुढचा (म्हणजे शब्दांच्या तुकड्यांपुढचा) मजकूर कापतात, तेव्हा परिच्छेद लहान ठेवा. तारखा आणि गावांची नावं साध्या शोधाने वेगळी जुळवा. त्याआधी देवनागरी आणि इंग्रजी अंक एकाच रूपात आणा.